गाळणी तुंबली, पण काजळी आली कुठून?

टर्बो डिझेल गाडी बाळगणाऱ्या कुटुंबांसाठी

मोटार ही मध्यमवर्गीय घरात आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. ती कुटुंबातलीच एक झाली आहे. दसऱ्याला तिला झेंडूची माळ मिळते, नव्या गाडीला घरी येताच औक्षण होते, आणि घरच्या माणसांप्रमाणे तीही मधूनमधून आजारी पडते. माणसाला निदान कुठे दुखते ते सांगता येते. गाडीला वाचा नाही. तिच्यापाशी आहेत ते समोरच्या फळीवरचे दहा-पंधरा दिवे! त्यांतल्या एका पिवळ्या दिव्याने हल्ली डिझेल गाडी असलेल्या पुष्कळ घरांची झोप उडविली आहे. एक आडवे नळकांडे आणि त्याच्या पोटात ठिपके, असे काहीसे त्याचे चित्र असते.

हा दिवा लागतो, गाडीचा पिकअप जातो, चढावर ती धापा टाकू लागते आणि आपण गॅरेजची वाट धरतो. तिथे दहा मिनिटांत उत्तर मिळते, "साहेब, डी.पी.एफ. चोक झालाय. बदलावा लागेल." पाठोपाठ जो आकडा सांगितला जातो, तो ऐकून दिवाळीचा बोनस आल्या पावली निघून गेल्याचा भास होतो.

परंतु वाचकहो, थोडे थांबा. "चोक झाला" हे निदान नव्हे. ते लक्षण आहे. अंग तापले हे आजीलाही हात लावून कळते. तो ताप हिवतापाचा की विषमज्वराचा, हे शोधण्यासाठी डॉक्टर लागतो. तुंबलेल्या गाळणीचेही तसेच आहे. ती का तुंबली, हे न शोधता नवी बसविली, तर काही महिन्यांनी तीही तुंबते आणि तेच बिल पुन्हा हाती येते. म्हणून ही नाडीपरीक्षा कशी करतात, हे गाडीच्या मालकाला थोडेतरी ठाऊक असायला हवे.

गाळणी आली कशासाठी?

डिझेल इंजिन महाराष्ट्राला परके नाही. जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल याने १८९७ साली ऑग्जबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. आणि १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांनी डिझेल इंजिनांचा कारखाना काढल्यावर ते आपल्या विहिरींवर आणि मळ्यांत घरोघरचे झाले. या इंजिनात ठिणगी पाडण्याची सोय नसते. हवा इतकी दाबायची की ती भट्टीसारखी तापावी, आणि त्या तप्त हवेत डिझेलचा फवारा सोडला की ते आपोआप पेटावे, अशी त्याची रीत.

पण फवाऱ्यातल्या प्रत्येक थेंबाला पुरेशी हवा मिळतेच असे नाही. जिथे हवा अपुरी, तिथे डिझेल अर्धवट जळते आणि काजळी धरते. रॉकेलच्या कंदिलाची वात वाढविली की काच काळवंडते, तोच हा प्रकार. हवा अधिक पुरविण्याची युक्ती आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने काढली आणि १९०५ साली तिचे पेटंट घेतले. बाहेर पडणाऱ्या धुराच्याच जोरावर एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा इंजिनात कोंबायची. हाच आपला टर्बो. लहान गाडीतला टर्बो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेऊ शकतो.

टर्बोमुळे ताकद वाढली, काजळीही घटली. पण ती संपली नाही. या काजळीचे कण अतिसूक्ष्म असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाडीचा; हे कण बहुतेक एका मायक्रोमीटरहूनही लहान. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातले.

तेव्हा धूर गाळूनच बाहेर सोडला पाहिजे, हे ओघाने आले. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने २००० साली आपल्या '६०७' गाडीला स्वतःची काजळी स्वतःच जाळणारी गाळणी बसविली आणि पुढे युरोपात ती सार्वत्रिक झाली. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे नियम देशभर लागू झाले. आधीच्या नियमांत डिझेल मोटारीला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कणांची मुभा होती, ती ४.५ मिलिग्रॅमवर आली. गाळणीवाचून हा आकडा गाठणे शक्य नव्हते.

गाळणीच्या पोटात काय असते?

मधमाश्यांचे पोळे डोळ्यांपुढे आणा. चिनीमातीच्या जातीच्या, उष्णता सोसणाऱ्या पदार्थाचा एक जाड ठोकळा. त्यात शेकडो, हजारो बारीक लांब नळ्या. गंमत अशी की, एका नळीचे मागचे तोंड बंद, तर शेजारणीचे पुढचे. धूर एका नळीत शिरतो, पुढे वाट सापडत नाही, म्हणून सच्छिद्र भिंतीतून झिरपून शेजारच्या नळीत जातो आणि बाहेर पडतो. काजळी भिंतीवरच राहते. चांगली गाळणी वजनाने ९५ टक्क्यांहून अधिक काजळी अडविते.

अडविलेली काजळी साठत राहिली, तर धुराची वाट बंद होईल. म्हणून ती जाळावी लागते. गाडी बराच वेळ भरधाव चालली आणि धूर पुरेसा तापला, की काही काजळी आपोआप जळते. तेवढ्याने भागले नाही, तर गाडीचा संगणक मध्ये पडतो. तो नेहमीच्या फवाऱ्यानंतर डिझेलचा आणखी एक उशिराचा फवारा सोडतो, धुराचे तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास नेतो आणि दहा-वीस मिनिटांत गाळणी साफ करतो. गॅरेजवाले यालाच 'रीजनरेशन' म्हणतात. निरोगी गाडीत हा विधी काही शे किलोमीटरांनी एकदा होतो आणि मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

काजळी जळते, पण इंजिन ऑइलमधल्या क्षारांची राख जळत नाही. ती कणाकणाने साचते. काजळी आणि राख यांतला हा फरक ध्यानात ठेवावा. पुढे सगळे निदान त्यावरच उभे आहे.

आधी विचारपूस

जुने वैद्य नाडीला हात घालण्यापूर्वी "काय खाता, झोप लागते का," असे विचारीत. चांगला मेकॅनिकही पहिल्यांदा विचारतो तो प्रश्न असा : गाडी कुठे चालते?

समजा, कोथरूडच्या एका गृहस्थांनी चारचौघांच्या सांगण्यावरून डिझेल गाडी घेतली. सकाळी मुलाला शाळेत सोडायचे, तीन किलोमीटर. तिथून कचेरी, चार किलोमीटर, त्यात पाच सिग्नल. संध्याकाळी मंडई. रविवारी सासुरवाडी, तीही नदीपलीकडेच. या गाडीचे इंजिन धड तापतच नाही. संगणक काजळी जाळायला सुरुवात करतो, तोच घर येते आणि गृहस्थ किल्ली फिरवितात. चूल पेटली न पेटली तोच पाणी ओतावे, तसे हे रोज घडते. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक प्रयत्नात उशिराच्या फवाऱ्यातले थोडे डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरते. गाडी बिघडलेली नसते. बिघडलेला असतो तो तिचा दिनक्रम.

दुसरा प्रश्न ऑइलचा. या गाड्यांना कमी राख धरणारे खास ऑइल लागते. स्वस्त मिळाले म्हणून भलतेच घातले, तर गाळणीचे आयुष्य राखेने लवकर संपते. तिसरा प्रश्न : टाकीत डिझेल किती ठेवता? टाकी तळाला गेली असेल, तर पुष्कळ गाड्यांचा संगणक काजळी जाळण्याचे काम हातीच घेत नाही. चौथा प्रश्न : अलीकडे गाडीचा आवाज बदलला का, अ‍ॅव्हरेज पडले का, रेडिएटरमधले पाणी किंवा ऑइल कमी होते का?

डोळे, नाक आणि एक पट्टी

यानंतर काही गोष्टी घरच्या घरीही पाहता येतात. थंड गाडी सपाट जागी उभी करून ऑइलची पट्टी बाहेर काढा. ऑइल वरच्या खुणेच्या वर गेले असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर काजळी जाळण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा अर्धवट राहिले आहेत, असे समजावे. पातळ झालेले ऑइल इंजिनाला घातक. ते आधी बदलावे.

मग गाडी थंड असतानाच मागच्या सायलेन्सरच्या तोंडात पांढऱ्या फडक्याने पुसून पाहा. गाळणी असलेल्या गाडीचे हे तोंड वर्षानुवर्षे जवळजवळ स्वच्छ राहते. फडके काळेकुट्ट निघाले, तर गाळणी तडकली आहे, किंवा पूर्वीच्या मालकाने ती पोखरून टाकली आहे, असा संशय घ्यावा. जुनी गाडी विकत घेताना ही परीक्षा करायला विसरू नये.

इथे एक चकवा आहे. पूर्वी इंजिन बिघडले की मागून काळा धूर निघे आणि रस्त्यावरच्या पोरालाही ते कळे. आता तो सगळा धूर गाळणी गिळते. इंजिन महिनोन् महिने काजळी ओकत राहते आणि मागे मात्र सारे स्वच्छ! पिवळा दिवा लागेपर्यंत रोग लपून राहतो.

यंत्र काय बोलते?

आता गॅरेजमधला स्कॅनर. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला तो जोडला की संगणकाने नोंदलेले दोष आकड्यांच्या भाषेत दिसतात. 'पी २४६३' म्हणजे काजळी फार साठली. 'पी २००२' म्हणजे गाळणीचे काम अपेक्षेहून कमी. 'पी २४५२' म्हणजे दाब मोजणाऱ्या साधनाच्या विद्युत्-जोडणीत दोष. पुष्कळ ठिकाणी आकडा पाहिला, पुसला आणि गाळणी मागविली, एवढ्यावर काम आटोपते. वास्तविक खरे काम इथून सुरू व्हायचे असते.

गाळणीच्या पुढे आणि मागे एकेक लहान नळी असते. त्या दोन नळ्या दाब मोजणाऱ्या एका छोट्या साधनाला, म्हणजे सेन्सरला, जाऊन मिळतात. धूर आत शिरताना किती दाब आणि बाहेर पडताना किती, यांतला फरक तो सांगतो. फरक जितका जास्त, तितकी गाळणी तुंबलेली. पण साक्ष घेण्यापूर्वी साक्षीदार तपासावा. इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरविली, तर हा फरक शून्य दिसला पाहिजे. कारण धूरच वाहत नाही. तो शून्य नसेल, तर सेन्सरवरच पहिला संशय. शिवाय त्या नळ्या उष्णतेने चिरतात, वितळतात, त्यांत पाणी किंवा काजळी अडकते. काही रुपयांच्या फाटक्या नळीपायी चांगली गाळणी भंगारात गेल्याची उदाहरणे या धंद्यात दुर्मिळ नाहीत.

साक्षीदार खरा ठरला, की इंजिन तापवून मोजमाप करावे. गाळणी मोकळी असेल, तर मंद चालीवर हा फरक थोडाच, बहुधा दहा-वीस मिलिबारांच्या आत असतो आणि फेरे वाढविले की बेताने वाढतो. तो भराभर चढू लागला, तर वाट खरोखरच अडली आहे. आकडे गाडीगणिक बदलतात. कंपनीच्या पुस्तकातले प्रमाण मानावेत. खात्री हवी असेल, तर गाळणीच्या आधीच्या सेन्सरच्या जागी साधे दाबमापक लावून संगणकाचे म्हणणे पडताळता येते.

तीन निकाल

काजळी मर्यादेबाहेर गेलेली नसेल, तर स्कॅनरच्या आज्ञेने गाडी उभ्या उभ्या तापवून काजळी जाळता येते. हे काम उघड्यावर, गाडीखाली वाळका पाला-गवत नाही असे पाहून, जाणत्या माणसाने करायचे. काजळी फारच साठली असता हा प्रयोग करू नये. एकदम भडका होऊन ठोकळा तडकतो. काजळी जळाल्यावर जे दिसते, त्यातच निदान आहे.

पहिला निकाल : दाब उतरला आणि पुढे महिनोन् महिने उतरलेलाच राहिला. इंजिन निरोगी आहे. दोष फक्त छोट्या फेऱ्यांचा होता. औषध फुकटचे. आठवड्या-पंधरवड्यातून एकदा गाडी मोकळ्या रस्त्यावर न्यावी आणि अर्धा तास एकसारख्या वेगाने, इंजिनाचे फेरे २००० च्या वर ठेवून चालवावी.

दुसरा निकाल : काजळी जळाली असे संगणक म्हणतो, पण दाब काही उतरत नाही. हे राखेचे लक्षण. लाख-दीड लाख किलोमीटर झालेल्या गाडीत ते म्हातारपण समजावे. अशी गाळणी काढून, योग्य यंत्रावर हवेने, पाण्याने वा भट्टीत घालून साफ करून घेता येते. नवी घेण्यापूर्वी हा मार्ग विचारून पाहावा.

तिसरा निकाल सर्वांत महत्त्वाचा : दाब उतरला, पण शे-दोनशे किलोमीटरांत पुन्हा चढला. याचा अर्थ, इंजिनच प्रमाणाबाहेर काजळी करीत आहे. इथे गाळणी बदलणे म्हणजे नळ चालू ठेवून लादी पुसत बसणे.

काजळीचे उगमस्थान

मग उगम शोधायचा तो इंजिनाकडून. टर्बोपासून इंजिनापर्यंत हवा नेणारे रबरी पाइप आधी पाहावेत. त्यांतला एखादा चिरला, की वेग घेताना फुसकारा येतो, जोडापाशी तेलकट ओल दिसते, आणि कोंबलेली हवा बाटेतच निसटते. हवा कमी, डिझेल तेवढेच, उरलेल्याची काजळी. त्यानंतर ई.जी.आर. झडप. थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरविणारी ही झडप उघडीच अडकली, की इंजिनाला शुद्ध हवा पुरत नाही. तिसरा इंजेक्टर, तो फवारा सोडण्याऐवजी ठिबकू लागला, तर काजळी होणारच. चौथा थर्मोस्टॅट. तो उघडा अडकला, तर इंजिन कधी पुरते तापतच नाही आणि संगणक काजळी जाळण्याची परवानगी देत नाही. तापमापकाचा काटा नेहमीच्या जागी पोचत नसेल, तर या स्वस्त भागाची आठवण ठेवावी.

टर्बोचे आणि गाळणीचे नाते मात्र सासू-सुनेच्या भांडणासारखे; आधी कोणी सुरुवात केली ते चटकन कळत नाही. टर्बोचे सील झिजले, तर ऑइल धुरात उतरते, आणि त्याची काजळी व राख दोन्ही गाळणीत जातात. उलट, गाळणी तुंबली, तर धूर मागे दाटतो, टर्बोचे चक्र नीट फिरत नाही, ते अधिक तापते आणि त्याचे सील जातात. पिकअप गेला म्हणून टर्बो बदलला, पण मागची गाळणी तपासलीच नाही, तर नव्या टर्बोवरही तीच पाळी येते. म्हणून एकाचा निकाल लावण्यापूर्वी दुसऱ्याची साक्ष काढावी.

"कापूनच टाका" हा सल्ला

एवढा खर्च ऐकून कोणीतरी कानाशी लागतो : "साहेब, गाळणी पोखरून टाकू, संगणकात बदल करू, कटकट कायमची मिटेल." कटकट मिटते, ती आपली. फेकलेली काजळी जाते कुठे? सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या स्कूटरवरच्या मुलीच्या छातीत, आणि आपल्याच सोसायटीच्या खाली खेळणाऱ्या पोरांच्या. आपल्याकडच्या पी.यू.सी. चाचणीत डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा मोजतात. डोळ्यांना न दिसणारे कण त्यात मोजले जात नाहीत. म्हणून असली गाडी कदाचित पास होईलही. परंतु मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम असा बदल करू देत नाही. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०१४ पासून, मूळची गाळणी काढलेली आढळली की गाडी वार्षिक तपासणीत नापास होते. आणि नेदरलँड्समध्ये १ जानेवारी २०२३ पासून धुरातले कण यंत्राने मोजू लागले आहेत.

घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे

गाडी एक माणूस चालवितो, पण बिल सगळ्या घरावर पडते. तेव्हा गाडीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला पुढील गोष्टी ठाऊक असाव्यात.

गाडी उभी असताना इंजिनाची मंद चाल नेहमीपेक्षा किंचित चढलेली, पंखा जोरात फिरतो आहे आणि तापल्याचा वास येतो, असे दिसले तर काजळी जळत आहे. दारापर्यंत आला असाल, तरी आणखी दहा-पंधरा मिनिटांची एक चक्कर मारून मगच किल्ली फिरवा.

नुसता पिवळा दिवा लागला, तर घाबरू नका. गाडीबरोबर आलेले पुस्तक उघडा आणि त्यात सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्याने गाडी चालवून आणा. त्याच्या जोडीला इंजिनाचा दिवा लागला, किंवा गाडीने लंगडी चाल धरली, तर मात्र रेटू नका, जाणकाराला दाखवा.

टाकीत पाव भागाहून कमी डिझेल ठेवू नका, आणि ऑइल पुस्तकात सांगितलेलेच घाला.

आणि गॅरेजमध्ये कोणी "गाळणी बदलावी लागेल" म्हणाले, तर भांडू नका. शांतपणे तीन प्रश्न विचारा : दाबाचा फरक किती भरला? इंजिन बंद असताना तो शून्य होता का? आणि गाळणीत आहे ती काजळी की राख? ज्याला या तिन्हींची उत्तरे देता येतात, त्याच्या हाती गाडी निर्धास्त सोपवावी. ज्याला येत नाहीत, त्याला नमस्कार करून पुढचे गॅरेज पाहावे. शहरात रोज चार-पाच किलोमीटरच गाडी फिरवायची असेल, तर पुढच्या खेपेस डिझेल घ्यायचेच का, हाही प्रश्न घरच्या सगळ्यांनी बसून एकदा सोडवावा.